कॅम्पसवर गॉस्पेल, म्हणजे येशूचा संदेश, सांगायचा तर पुस्तिका बरी की बायबलमधलं मार्कचं पुस्तक वाचत बसणं?

अमेरिकेत कॉलेजच्या पोरांना येशूबद्दल सांगायच्या दोन पद्धती जुन्या आहेत. एक कॅम्पस क्रुसेडची, बिल आणि वोनेट ब्राइटनी 1951 ला यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सुरू केलेली ख्रिस्ती संस्था, आता नाव क्रू. हातात चार मुद्द्यांची पुस्तिका, देवाचं प्रेम, पाप, ख्रिस्त आणि मग तुझा निर्णय काय, शेवटी प्रार्थना पण छापलेलीच. लेक्चरला पळणाऱ्याला पटकन सांगून होतं, नवख्यालाही जमतं. पण समोरच्याने "पाप म्हणजे नक्की काय?" विचारलं की गाडी तिथंच अडकते, आणि आपल्याकडून एमएसला गेलेला पोरगा तर नुसता भिडेखातर हो म्हणून मोकळा होतो.

दुसरी पद्धत इंटरव्हर्सिटी या दुसऱ्या ख्रिस्ती विद्यार्थी संस्थेवाल्यांची. मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूच्या आयुष्याचं पुस्तक, साध्या कागदांवर, अध्याय-वचनांचे नंबर काढलेले, सोबत रंगीत पेनं, चार-पाच जण बसून खुणा करतात, प्रश्न काढतात, देव न मानणारा पण बिनधास्त वाद घालतो. वेळखाऊ आहे राव, परीक्षा आली की कोण येतंय! तरी मला हीच पटते, इथं पोरगं स्वतः वाचून काय ते ठरवतं. पुस्तिका नंतर द्या की, घाई कसली?