टाकी चांगली, पण गेजवर विसंबू नका

जानेवारीत एका पहाटे गारठ्याने जाग आली. तळघरात गेलो तर घर तापवणारा तेलाचा बर्नर बंद, रीसेटचं लाल बटण वर आलेलं आणि तेलाच्या टाकीवरच्या, पातळी दाखवणाऱ्या गेजमधली तांबडी चकती पाव टाकीवर. बटण दाबलं, बर्नर सुरू झाला आणि थोड्याच वेळात पुन्हा बंद पडला. शेवटी गेजवर टिचकी मारली. चकती सर्रकन तळाला गेली. चकती हलवणारा, तेलावर तरंगणारा फ्लोट अडकला होता. बाहेर उणे पंधरा सेल्सियस, घरात माझी सत्तरीची आई आणि टाकीत तेल नाही.

मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या गल्लीत गॅसची लाइन नाही, म्हणून हीटिंग ऑइल, म्हणजे घर तापवायला जाळायचं तेल. सप्टेंबरात जुनी टाकी खालून पाझरायला लागली. तेलातलं पाणी तळाशी बसतं आणि पत्रा आतून गंजतो. वरून रंग शाबूत होता, त्यामुळे आम्हाला पत्ताच नव्हता. नवी घेताना नेहमीचीच २७५ गॅलनची, उभी, लंबगोल, स्टीलची घेतली. पत्रा मात्र १४ ऐवजी १२ नंबरचा, म्हणजे जास्त जाड. दुहेरी भिंतीची टाकी महाग म्हणून सोडून दिली.

त्या पहाटे पेट्रोल पंपावरून डिझेल आणलं. पाच-पाच गॅलनचे दोन कॅन बाहेरच्या भरण नळीतून ओतले. अडचणीला डिझेल चालतं, हे इथे राहणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं. मग बर्नरच्या पंपाला आत शिरलेली हवा काढायला ब्लीडर असतो, त्याला नळी लावून फेस थांबेपर्यंत तेल बरणीत काढलं, तेव्हा कुठे ज्योत धरली. रेडिएटरच्या नळ्या गोठल्या नाहीत, एवढं नशीब.

कंपनीशी भांडण झालं. टाकी त्यांनीच बसवली, गेजही त्यांचंच, पण तेल आम्ही फोन करून मागवतो म्हणून पातळीवर लक्ष ठेवणं आमचं काम, असं त्यांचं म्हणणं. तीन फोन झाल्यावर नवं गेज फुकट बसवून दिलं. दोन डॉलरची वस्तू असल्यासारखं बोलत होते. माझ्या घरची रात्रीची ऊब त्या चकतीवर अवलंबून आहे, हे त्यांना कळावं म्हणून मी एवढा वेळ घालवला.

पण नवं गेज नीट चालत असूनही फसवतं, हे नंतर हिशोब मांडल्यावर कळलं. चकती दाखवते उंची. टाकी ४४ इंच उंच, २७ इंच रुंद, आणि तळ अर्धगोल. त्यामुळे खालच्या इंचांत तेल कमी मावतं. पाववर चकती असेल तर आपण ६९ गॅलन धरतो, असतात ५८च्या आसपास. एक अष्टमांशावर ३४ धरतो, असतात जेमतेम २२. आमच्याकडे कडाक्याच्या थंडीत दिवसाला सात गॅलन जळतात. म्हणजे पाच दिवसांचं समजलेलं तेल तीन दिवसांत संपतं. गेजवर हे कुठेच लिहिलेलं नसतं, आणि मला याचाच सगळ्यात जास्त राग आहे.

आई म्हणाली, "काठी घालून बघत नाहीत का रे? रॉकेलच्या पिंपात आम्ही काठीच घालायचो." रेशनचं निळं रॉकेल आणि हे तांबडं तेल, वास तिला ओळखीचा वाटला. आमच्या टाकीत काठी सरळ घालता येत नाही, पण तिच्या प्रश्नावरूनच दुसरा उपाय सुचला. बर्नरला तास मोजणारं मीटर इलेक्ट्रिशियनकडून लावून घेतलं. बर्नरमध्ये तेल फवारणारं नोझल तासाला ०.८५ गॅलनचं आहे, पण तो आकडा चौरस इंचाला १०० पौंड दाबाचा. आमचा पंप १४० वर लावलेला, त्यामुळे तासाला जवळजवळ बरोबर एक गॅलन जळतं. मीटरवरचे तास म्हणजेच जळालेले गॅलन. फेब्रुवारीतल्या डिलिव्हरीला माझ्या वहीत १७१ होते, ट्रकच्या पावतीवर १६८.४.

टाकीबद्दल बाकी तक्रार नाही. शिट्टीचं मात्र मनापासून कौतुक आहे. तेल आत जाताना व्हेंट नळीतून हवा बाहेर पडते आणि शिट्टी वाजते. ती थांबली की टाकी भरली. सुरुवातीलाच शिट्टी ऐकू आली नाही तर डिलिव्हरीवाला तेल सोडणं थांबवतो. फिल्टर दरवर्षी बदला. टाकी बरीच रिकामी असताना तेल आलं तर तासभर बर्नर बंद ठेवा, म्हणजे ढवळलेला गाळ खाली बसतो.

पैशांबद्दल माझं मत आता बदललंय. इथे २०११ पासून तेलाच्या लाइनला सेफ्टी व्हॉल्व्ह किंवा संरक्षक आवरण सक्तीचं आहे, आणि ते असेल तर विमा कंपनीला गळतीचं संरक्षण देऊ करावंच लागतं. पण ते आपण मागून, जादा हप्ता भरून घ्यायचं असतं. साध्या पॉलिसीत ते सहसा नसतं. मी जुनी पॉलिसी काढून वाचली, आमच्यात नव्हतं. गळलेल्या तेलाने खराब झालेली माती साफ करण्याचा खर्च आपल्या अंगावर येऊ शकतो, हे आधी माहीत असतं तर दुहेरी भिंतीचीच टाकी घेतली असती. आता निदान ते संरक्षण घेतलंय आणि टाकीखाली ट्रे ठेवलाय.

उन्हाळ्यात टाकी भरलेली ठेवणार आहे, म्हणजे आत दव धरायला जागा कमी राहील. मे महिन्याची ऑर्डर परवाच दिली, मीटरवर १४० झाले तेव्हा. चकती त्या वेळी अर्ध्यावर होती.