डर्बी ते विंजाना गॉर्ज: भाड्याच्या कॅम्पर ट्रेलरचा अनुभव

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला असलेल्या किंबर्ली प्रदेशात आम्ही गेल्या जूनमध्ये भाड्याचा कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचा आणि उघडला की तंबू होणारा ट्रेलर, घेऊन आठ दिवस फिरलो. तो ट्रेलर कसा होता हे सांगायला त्यांतला एकच दिवस, डर्बी गावापासून विंजाना गॉर्ज या घळीपर्यंतचा सुमारे 145 किलोमीटरचा प्रवास, पुरेसा आहे. कारण डांबरी रस्त्यावर कोणताही ट्रेलर गुणीच वाटतो, त्याची परीक्षा गिब रिव्हर रोडवरचे डांबर संपल्यावर सुरू होते.

सुमारे 660 किलोमीटर लांबीचा हा रस्ता मुळात कुरणांवरची गुरे बंदरांपर्यंत नेण्यासाठी तयार झाला आणि आजही त्याचा बराचसा भाग कच्चा आहे. वाहनांच्या ये-जा करण्याने त्याचा पृष्ठभाग पन्हळी पत्र्यासारखा होतो, आणि त्या लाटांवरून जाताना गाडीतला प्रत्येक स्क्रू बोलू लागतो. आम्ही टायरमधली हवा 40 वरून 28 पीएसआयपर्यंत उतरवली आणि वेग ताशी 60 किलोमीटरच्या आसपास ठेवला. ट्रेलरच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असल्यामुळे आणि गाडीला जोडणारा सांधा (हिच) सर्व दिशांना फिरणारा असल्यामुळे, एक चाक खड्ड्यात गेले तरी गाडीला हिसका बसला नाही. त्याची चाके गाडीच्या चाकोरीतूनच धावत होती, त्यामुळे वळणांवर मागे वळून पाहण्याची गरज पडली नाही. ओढण्याच्या बाबतीत माझी एकही तक्रार नाही.

या अक्षांशावर जूनमध्ये साडेपाचच्या आधीच सूर्य मावळतो आणि अंधार झपाट्याने पडतो. साडेचारला मुक्कामावर पोहोचल्यावर आमच्या हाती तासाभराचाच उजेड होता, आणि इथे या ट्रेलरने मन जिंकले. वरचे झाकण मागे उलटले की तेच खोलीची जमीन होते आणि त्याच्यासोबत कॅनव्हासचा तंबू आपोआप वर उचलला जातो. मग दोन आडव्या दांड्या ताणायच्या आणि चार मेखा ठोकायच्या. बारा मिनिटांत गादी अंथरलेली खोली तयार झाली. गॉर्जच्या चुनखडीच्या भिंतींवरचे तांबूस ऊन आम्हाला सावकाश पाहता आले ते त्यामुळेच.

स्वयंपाकाचा कप्पा बाहेर ओढला तेव्हा मात्र वाईट वाटले. तांदळाच्या डब्याच्या झाकणावर बोटाने अक्षरे गिरवता येतील इतकी तांबडी धूळ बसली होती, आणि चमचे, कढई, चहाची गाळणी, काहीच सुटले नव्हते. धुण्यात टाकीतले दहा लिटर पाणी गेले. शेजारी उतरलेल्या एका वयस्कर प्रवाशाने आमची धावपळ पाहिली आणि पुढचे व्हेंट उघडे होते का, असे विचारले. पुढच्या पेटीखाली तळहाताएवढे एक झाकण असते. कच्च्या रस्त्यावर ते उघडे ठेवले की समोरची हवा गाळणीतून आत शिरते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहतो आणि फटींमधून धूळ ओढली जात नाही. आमचे झाकण पहिल्यापासून बंद होते. दुसऱ्या दिवशी ते उघडे ठेवून आम्ही तशाच रस्त्यावरून गेलो आणि संध्याकाळी डबे जवळजवळ स्वच्छ निघाले.

म्हणजे दोष ट्रेलरचा नव्हता. भाड्याने देणाऱ्यांनी ताबा देताना वीस मिनिटे करार, विमा आणि अनामत रकमेवर खर्च केली, पण व्हेंटबद्दल एक शब्दही सांगितला नाही. परतल्यावर त्यांनी कप्प्यातल्या धुळीच्या सफाईपोटी अनामतीतून 120 डॉलर कापून घेतले, आणि ते मला अन्यायाचे वाटते. कच्च्या रस्त्यांसाठी म्हणूनच ट्रेलर भाड्याने देणाऱ्याने ही गोष्ट सर्वांत आधी दाखवायला हवी.

ट्रेलर मी पुन्हा याच रचनेचा घेईन, पण दुसऱ्या कोणाकडून. ताबा घेताना त्यांच्यासमोर एकदा पूर्ण उघडून आणि मिटवून पाहीन, आणि व्हेंट कुठे आहे हे विचारल्याशिवाय करारावर सही करणार नाही.