पॉवर मीटर पेडल: संपर्क पुसावेत की टोपण बदलावं?

पॉवर मीटर पेडल म्हणजे सायकल चालवणाऱ्याची ताकद (पॉवर) वॉटमध्ये मोजणारं, बॅटरीवर चालणारं पेडल. कधी चालू राइडमध्ये पॉवरचा आकडा गायब होतो, किंवा नवी बॅटरी घालूनही ‘बॅटरी संपत आली’ असं दिसतं. अशा वेळी संपर्क, म्हणजे बॅटरीला टेकणारे धातूचे भाग, साफ करून भागवावं की बॅटरीचं टोपणच नवं घ्यावं?

खर्चात साफसफाई सरस: आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी, बस्स. मेहनतही फार नाही. टोपणातली स्प्रिंग, आटे आणि बॅटरीच्या दोन्ही बाजू पुसून पूर्ण वाळू द्यायच्या. बोटांचे तेलकट ठसेही नडतात.

टिकाऊपणात मात्र हा उपाय मागे पडतो. स्प्रिंगचा ताणच गेला असेल, तर चाक खड्ड्यात आपटलं की बॅटरी क्षणभर सुटते. मग कितीही पुसा. काही जण स्प्रिंगची पट्टी वाकवून वर उचलतात. मला ते पटत नाही, ती तिथेच तुटू शकते.

उत्पादकाची परवानगी असेल, तर एकावर एक बसणाऱ्या दोन एलआर४४ बटण-बॅटऱ्यांऐवजी ३ व्होल्टची एकच सीआर१/३एन बॅटरी घाला. दोन बॅटऱ्यांमधला सांधाच उरत नाही.

नुसता मळ किंवा थर दिसत असेल आणि स्प्रिंग दाबल्यावर उसळत असेल, तर साफ करा. स्प्रिंग चपटी, आटे झिजलेले किंवा रबरी रिंग चिरलेली असेल, तर टोपण बदला.