प्रकटीकरणासाठी घेतलेलं टीपांचं मराठी बायबल: काही महिन्यांच्या वापरानंतर

सोलापूरच्या मे महिन्यात बाइंडिंगचा डिंक टिकला तर पुस्तक चांगलं. हे टिकलं नाही. नेमकी प्रकटीकरणाची पानं सुटून हातात आली. बायबलातलं शेवटचं पुस्तक, त्यामुळे ओढाताण सगळी तिथंच. दुकानदार म्हणाला, "वापरलेलं परत घेत नाही." अहो, मग बायबल काय कपाटात ठेवायला घ्यायचं? शेवटी नवी पेठेत दोऱ्याची शिलाई मारून घेतली. ते दीडशे रुपये मी याच्या किमतीत धरतोय.

घेतलं व्हॉट्सअ‍ॅपमुळे. प्रकटीकरणात एका श्वापदाचा आकडा 666 दिलाय, त्यावरून 666 म्हणजे बारकोड, 666 म्हणजे आधार, 666 म्हणजे लस, रोज काहीतरी नवीन. शेजारच्या मावशी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नियमानं जातात. त्या वैतागून म्हणाल्या, "आधी मुळातलं वाच की रे, बावीसच तर अध्याय हायत."

सुरुवातीला खालच्या टीपांवर खूश होतो. श्वापद म्हणजे अमुक, शिंगं म्हणजे तमुक, सगळं तयार. पण 'ख्रिस्तविरोधक', म्हणजे ख्रिस्ताच्या विरोधात उभा राहणारा, हा शब्द टीपांत पानोपानी आणि वर वचनात कुठंच नाही. हा शब्द प्रकटीकरणात एकदाही येत नाही, तो योहानाच्या पहिल्या आणि दुसऱ्या पत्रांत आहे. तेव्हापासून टीपा झाकून वाचतो.

खरा पैसा वसूल होतो तो मधल्या रकान्यातल्या संदर्भांत. तेराव्या अध्यायातलं समुद्रातून वर येणारं श्वापद घ्या: अंग चित्त्याचं, पाय अस्वलाचे, तोंड सिंहाचं, डोकी सात, शिंगं दहा. संदर्भ धरून जुन्या करारातल्या दानीएलाच्या पुस्तकात, सातव्या अध्यायात गेलो, तर तिथं सिंह, अस्वल, चार डोक्यांचा चित्ता आणि दहा शिंगांचं चौथं श्वापद. डोकी मोजा, सातच भरतात! पुढं सतराव्या अध्यायात ही सात डोकी म्हणजे सात डोंगर असं सरळ लिहिलंय, आणि सात टेकड्यांचं शहर म्हणजे रोम हे त्या काळच्या वाचकाला सांगायची गरज नव्हती. 666चंही तसंच. हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकडा असतो; 'नीरो कैसर', म्हणजे रोमचा सम्राट नीरो, हे नाव हिब्रू अक्षरांत लिहून बेरीज केली की तेवढी येते, आणि एक अक्षर गाळलं की 616. काही जुन्या हस्तलिखितांत खरोखर 616च आहे. बारकोडवाल्यांनी याचं काय करायचं ते बघावं.

आणि हे संदर्भ छापलेत कसे? खसखशीएवढे! जाड टीपांना ठसठशीत टाइप आणि जे कामाचं ते भिंगातून. चाळिशी लागलेल्यांनी दुकानात मधला रकाना वाचून बघितल्याशिवाय पैसे काढू नयेत.

नवख्यानं थेट शिक्के फुटतात, कर्णे वाजतात त्या संकटांच्या अध्यायांवर उडी मारू नये. दुसरा-तिसरा अध्याय आधी. इफिसपासून लावदिकीयापर्यंत सात मंडळ्यांना पात्म बेटावरून लिहिलेली पत्रं, सगळी गावं आजच्या तुर्कस्तानात. कुणाला शाबासकी, कुणाला झाडलंय, लावदिकीयाला तर कोमट म्हटलंय. ही खऱ्या गावांतल्या खऱ्या माणसांची टपाल आहे हे कळलं की पुढची भीती निम्मी होते.

विसाव्या अध्यायातली हजार वर्षं मात्र मला अजून लागलेली नाहीत. ती ख्रिस्त परत आल्यावरची, त्याआधीची, की आकडाच प्रतीकात्मक, यावर ख्रिस्ती परंपरेत शतकानुशतकं तीन तट आहेत. या बायबलात टीप एकाच तटाची, बाकीच्या दोघांचा उल्लेखसुद्धा नाही. एक तारा शिलाईचा कापला होता, अर्धा याचा.