डेकसाठी घेतलेलं इलेक्ट्रिक प्रेशर वॉशर: एक हिवाळा गेल्यानंतर लिहितोय

गेल्या मे मधे घेतलं हे जोराच्या पाण्याच्या धारेने धुणारं मशीन, आता एप्रिल चालूय, म्हणजे अख्खा एक हिवाळा डेकवरून गेला, बर्फ पडलं, वितळलं, परत पडलं. आता लिहायला हरकत नाही. पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर "काय मस्त स्वच्छ निघतंय" एवढंच लिहिलं असतं, पण डेक स्वच्छ निघणं वेगळं आणि त्यावर स्टेन (लाकडात मुरणारा रंग) टिकणं वेगळं.

आमचं घर न्यू जर्सीत, २००६ चं बांधकाम, मागे १६ बाय २० फुटांचा डेक, म्हणजे घराला जोडून फळ्यांचा उघडा ओटा, साधं प्रेशर ट्रीटेड पाइन (कुजू नये म्हणून दाबाने रसायन मुरवलेलं लाकूड). उत्तरेकडची बाजू झाडाखाली येते म्हणून शेवाळलेली, बाकीच्या फळ्या करड्या पडलेल्या आणि जुना स्टेन कुठे कुठे डागांसारखा उरलेला. जूनमधे आई पुण्याहून राहायला येणार होती. ती घरात काय नि बाहेर काय, अनवाणीच फिरते, आणि मागच्या खेपेला तिच्या तळपायात याच डेकचं कुसळ गेलं होतं, ते सुईने काढताना तिने तोंडातून आवाज काढला नाही पण मला फार लागलं ते. तेव्हाच ठरवलं की पुढच्या वेळी डेक नीट करूनच तिला बोलवायचं.

मशीन इलेक्ट्रिक आहे, खोक्यावर २००० पीएसआय (पाण्याच्या दाबाचं माप), पाणी मिनिटाला साधारण १.२ गॅलन. पेट्रोलवर चालणारं, ३००० पीएसआयच्या वरचं भाड्याने मिळत होतं, मुद्दाम नाही घेतलं. पाइन, सिडार ही मऊ लाकडं, त्यांना ५००-६०० पीएसआय पुरतं, इपेसारखं कडक लाकूड असेल तर १२००-१५०० पर्यंत जाता येतं. मग २००० कशाला घेतलं असं कोणी विचारेल, तर तो आकडा मशीनचा, लाकडावर प्रत्यक्ष किती मार बसतो ते नोझल आणि अंतर यावर ठरतं. सोबत पाच नोझल येतात: लाल म्हणजे ० अंशाचं, पिवळं १५, हिरवं २५, पांढरं ४०, आणि काळं साबणासाठी. लाल नोझल मी पहिल्याच दिवशी कपाटात वर ठेवून दिलं. ती बारीक धार लाकूड तर कापतेच, पण कातडीत घुसून पाणी आत जाऊ शकतं आणि ती जखम वरून किरकोळ दिसली तरी थेट इमर्जन्सीत जायचं काम असतं, तेव्हा घरात मुलं असतील तर ते हाताला लागेल असं ठेवूच नका. चपला घालून पण धुवायला उभं राहू नका, बूट आणि डोळ्यांना गॉगल पाहिजेच.

डेकसाठी पांढरं ४० चं, लाकडापासून निदान फूटभर लांब, ट्रिगर दाबताना धार फळीच्या बाहेर ठेवायची मग आत आणायची, आणि कायम रेषांच्या दिशेने, आडवं कधीच नाही. हे सगळं मला माहीत होतं, वाचलेलं होतं, तरी जिन्याच्या दोन पायऱ्यांवर शेवाळ निघेना म्हणून हिरवं नोझल लावलं आणि चार-पाच इंचांवर नेलं. दोन मिनिटांत पायरी पांढरी झाली, फार बरं वाटलं, वाळल्यावर बघतो तर वरचे तंतू सगळे उसवलेले, हात फिरवला तर लोकरीसारखं लागतंय. पाइनमधला फिकट भाग मऊ असतो, तो धारेने खोदला जातो आणि गडद रेषा तेवढ्या वर राहतात. ते नुकसान परत भरून येत नाही.

त्या पायऱ्यांनंतर मी पद्धतच बदलली. घाण काढायचं काम क्लीनरचं, मशीन फक्त धुवायला. सोडियम परकार्बोनेटची पावडर येते, ती कोमट पाण्यात कालवून फळ्यांवर ओतली, पंधरा-वीस मिनिटं ओली ठेवली (वाळू द्यायची नाही, सावलीत करा), कडक ब्रशने घासलं आणि मग लांबून धुतलं, शेवाळ अक्षरशः वाहून गेलं. जुन्या स्टेनचे डाग त्याने जात नाहीत, त्याला सोडियम हायड्रॉक्साइडचा स्ट्रिपर लागला, हातमोजे घालून, आणि आजूबाजूची झाडं आधी भरपूर भिजवून वर प्लास्टिक टाकून. स्ट्रिपरने लाकूड काळपट पडतं, घाबरू नका, त्यावर ऑक्झॅलिक ॲसिडचा ब्राइटनर मारला की दहा-पंधरा मिनिटांत मूळ रंग वर येतो, आणि स्ट्रिपरचा क्षारही मारला जातो. ही पायरी बरेच जण गाळतात, गाळू नका. क्लोरीन ब्लीच मात्र नको, शेवाळ मरतं पण लाकडाचे तंतू धरून ठेवणारं लिग्निन खराब होतं.

पुढचा खरा पेशन्सचा भाग म्हणजे वाळवणं. सगळीकडे दोन दिवस लिहिलेलं असतं, मी दोन टोकांचं मॉइश्चर मीटर आणलं, उन्हातल्या फळ्या तिसऱ्या दिवशी १५ टक्क्यांच्या खाली आल्या, झाडाखालच्या यायला पाच दिवस लागले. मधे पाऊस पडला म्हणून वीकेंड पुढे गेला तो गेलाच. मग सँडिंग मशीनला ८० नंबरचा पॉलिश पेपर लावून फळ्यांवर हलका हात फिरवला, उठलेले तंतू बसवायला. १२०-१५० ने गुळगुळीत केलं तर स्टेन आत मुरत नाही.

स्टेन सेमी ट्रान्सपरंट, ऑइल बेस्ड. लाकूड पितंय तेवढाच लावायचा, वर साचलेला पुसून घ्यायचा. आणि ज्या फडक्यांनी पुसलं ती गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, तेल वाळताना उष्णता धरतं आणि आपोआप पेट घेतं, पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावायचं.

आता हिवाळ्यानंतर: सपाट भागावर अजून पाण्याचे थेंब मोत्यासारखे उभे राहतात, उत्तरेकडे हिरवं आलेलं नाही, रेलिंगच्या वरची फळी ऊन खाऊन थोडी फिकी झालीय. त्या दोन पायऱ्या मात्र भुंड्या दिसतायत, उसवलेले तंतू निघाले तसा त्यांच्यावरचा स्टेनही गेला.

सप्टेंबरमधे एका मित्राकडे मशीन नेलं होतं, त्याचा डेक नव्वदच्या दशकातला. तेव्हाच्या ट्रीटेड लाकडात बहुतेक सीसीए असायचं, म्हणजे विषारी आर्सेनिक असलेलं रसायन, घरगुती वापरासाठी ते २००३ च्या अखेरीस बंद झालं. मशीन गाडीतून खाली न काढता परत आणलं. असा डेक प्रेशरने धुवू पण नका आणि घासू पण नका.

मशीनबद्दल तक्रार एवढीच की होज कडक आहे, सारखा पीळ पडतो, आणि ऑगस्टमधे नोझलच्या जोडाशी पाणी गळायला लागलं, रबरी रिंग बदलली की थांबलं. नोव्हेंबरमधे सगळं पाणी काढून, पंपात अँटिफ्रीझ भरून बेसमेंटमधे ठेवलं होतं, आत राहिलेलं पाणी गोठलं तर पंप फुटतो. काल चालू केलं, व्यवस्थित चाललं.

यंदा डेकला फक्त साबण आणि पांढरं नोझल, स्टेन पुढच्या वर्षी बघू. पायऱ्यांच्या फळ्या बदलायला काढल्यात, नवीन आणून गॅरेजमधे मधे पट्ट्या देऊन रचून ठेवल्यात, त्या नीट वाळल्या की मग बसवेन, आई या वेळी ऑगस्टमधे येतेय.