तालुक्याच्या गावातलं नगर वाचनालय : दहा महिने वापरल्यानंतर

गेल्या जूनमध्ये बदली झाली आणि आम्ही सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आलो. सामान लागल्यावर लगेचच इथल्या नगर वाचनालयात नावं घातली. मी, चौथीतली लेक आणि सासूबाई, अशी तीन कार्डं. आता एप्रिल उजाडला. पुस्तकांची देवघेव, बालविभाग, घरपोच सेवा, दिवाळी अंक योजना, जयंत्यांचे कार्यक्रम असं जवळजवळ सगळं वापरून झालंय, म्हणून सविस्तर लिहितेय. माझं मत आधीच सांगते. या वाचनालयाचं बळ दर आठवड्याला गाजावाजा न करता होणाऱ्या कामांत आहे. फलक लावून, पाहुणे बोलावून होणारे कार्यक्रम त्या मानाने फारसे उपयोगी पडले नाहीत.

व्यवहार सोपा आहे. मोठ्यांना ३०० रुपये अनामत आणि महिन्याला ४० रुपये वर्गणी, एक पुस्तक आणि एक मासिक. मुलांना अनामत नाही, वर्गणी नावापुरती. आधार कार्डाची झेरॉक्स आणि एका जुन्या सभासदाची सही लागते. आम्ही गावात नवखे, सही कोणाची आणायची हा प्रश्न होता. तो शेजारच्या निवृत्त गुरुजींनी सोडवला.

सगळ्यात आधी शनिवारची गोष्ट. दुपारी साडेचारला बालविभागात सतरंजी अंथरली जाते आणि ग्रंथपाल मॅडम एक पुस्तक वाचून दाखवतात. हातवारे नाहीत, आवाज काढणं नाही. सरळ, स्वच्छ वाचन. मध्येच एखाद्या मुलापुढे पुस्तक धरून म्हणतात, "पुढची ओळ तू वाच." अडखळला तरी कोणी हसत नाही, कारण पुढची ओळ आपल्यावर येणार हे प्रत्येकाला माहीत असतं. गोष्ट शेवटाच्या जरा आधी थांबते आणि पुस्तक टेबलावर ठेवलं जातं. ज्याला शेवट हवा त्याने ते घरी न्यायचं. माझी लेक जुलैत चित्रं बघून पुस्तकं परत करायची. दिवाळीपर्यंत ती या टेबलावरच्या पुस्तकासाठी भांडायला लागली.

याच तासातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखाने सुरू झाले की बीडकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. गावाबाहेर कोप्या, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपड्या, पडतात. त्यांतली काही मुलं धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन शनिवारी दारात येऊन उभी राहिली. सभासदत्वाचा फॉर्म भरायचा तर कायमचा पत्ता कुठला लिहायचा आणि ओळखीची सही कोण देणार? मॅडमनी फॉर्मचा विषयच काढला नाही. आधी सतरंजीवर बसवून घेतलं. पुढच्या आठवड्यात जवळच्या शाळेतल्या शिक्षिकांकडून हमीची सही आणली आणि त्यांच्या नावाने एक वेगळी वही केली. मुलं ऊस संपेपर्यंत पुस्तकं नेत होती. मार्चमध्ये टोळ्या परत गेल्या तेव्हा त्या वहीतली दोन पुस्तकं यायची राहिली होती. त्यावर कार्यकारी मंडळातले एक ज्येष्ठ सभासद नाराज झाले, असं कानावर आलं. मला विचाराल तर इतक्या कामासाठी दोन पुस्तकं गेली तर गेली. नियम सांभाळणारी वाचनालयं पुष्कळ आहेत. मुलांसाठी नियमाला वाट काढून देणारं मी पहिल्यांदा पाहिलं.

दुसरी मनापासून कौतुकाची सेवा म्हणजे घरपोच पुस्तकं. पासष्टच्या पुढच्या आणि चालता न येणाऱ्या सभासदांकडे दर बुधवारी शिपाईदादा सायकलवरून पुस्तक पोचवतात आणि जुनं परत नेतात. वेगळे पैसे नाहीत. सासूबाईंचे गुडघे जिना चढू देत नाहीत आणि वाचनालय पहिल्या मजल्यावर आहे, त्यामुळे त्यांनी ते आतून अजून पाहिलेलंच नाही. पहिल्या वेळी आलेलं प्रवासवर्णन त्यांनी चार पानं वाचून ठेवून दिलं. पुढच्या बुधवारी दादांनी विचारलं, "काकू, आवडलं नाही का?"

"पुस्तक चांगलं होतं रे, अक्षर बारीक होतं."

एवढंच बोलणं झालं. त्यानंतर आमच्याकडे आलेलं प्रत्येक पुस्तक ठळक, मोठ्या टाइपातलं होतं. पुढे मी काउंटरवर मॅडमची वही पाहिली, तर सासूबाईंच्या नावापुढे लिहिलं होतं : "मोठं अक्षर. चरित्रं चालतील. फार दुःखाचं नको." दुःखाचं नको हे सासूबाईंनी आम्हालाही कधी सांगितलं नव्हतं. कोणती पुस्तकं लवकर परत येतात त्यावरून मॅडमनी ते ओळखलं होतं.

दिवाळी अंक योजनेबद्दल थोडक्यात. १९०९ पासून मराठीत दिवाळी अंकांची परंपरा आहे आणि आज चांगला अंक घ्यायचा तर ३००-४०० रुपये पडतात. घरी दोन-तीन घेतले तरी पुष्कळ झालं. इथे एकदाच पैसे भरून जानेवारीअखेरपर्यंत अंक वाचायला मिळतात, एका वेळी एक, तीन दिवसांसाठी. खाकी कव्हर घातलेले, पाठीवर क्रमांक घातलेले अंक. गाजलेल्या अंकांसाठी नंबर लावावा लागतो, तो नीट पाळला जातो. एकच विनंती सगळ्या वाचकांना : शब्दकोडं पेनाने सोडवू नका. आमच्या हाती आलेल्या बहुतेक अंकांत ते आधीच भरलेलं होतं आणि एकात तर राशिभविष्याचं पानच फाडून नेलेलं.

अभ्यासिका मी स्वतः वापरत नाही, भाचा वापरतो. एमपीएससी आणि पोलीस भरतीची मुलं पहाटेपासून जागा धरतात. इन्व्हर्टर आहे, शांतता आहे, महिन्याची फी परवडते. मुलींसाठी वेगळी रांग आहे. पण संपूर्ण मजल्यावर एकच स्वच्छतागृह आहे आणि त्याची किल्ली मागून घ्यावी लागते. चार-पाच मुली केवळ यासाठी दुपारी घरी जाऊन येतात, असं भाचा सांगतो. कार्यकारी मंडळाने दुसरं काहीही करण्याआधी हे करावं.

आता जयंत्यांच्या कार्यक्रमांविषयी. १२ ऑगस्टला ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांची जयंती म्हणून ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबरला कलामांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन, जानेवारीत मराठी भाषा पंधरवडा, शिवाय अधल्यामधल्या जयंत्या. प्रतिमापूजन, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, भाषण, आभार, फोटो. मुलं शाळेतून रांगेने आणलेली. वाचन प्रेरणा दिनाच्या कार्यक्रमाला मी मुद्दाम बसले. दीड तासात एकाही मुलाच्या हातात पुस्तक आलं नाही. मॅडम त्या दिवशी सकाळपासून खुर्च्या आणि हार यांच्या मागे होत्या आणि देवघेव बंद होती! वाचनाच्या दिवशी वाचनालयातून पुस्तक मिळू नये, हे मला फार लागलं.

वाचनालयाची बाजूही समजून घेतली. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अशा संस्थांना मान्यता आणि अ, ब, क, ड असा दर्जा मिळतो आणि दर्जावर अनुदान ठरतं. तपासणीला येणारे अधिकारी नोंदी बघतात, कार्यक्रमांचे अहवाल आणि फोटो बघतात. शनिवारच्या सतरंजीचा फोटो कोणी काढत नाही, म्हणून अहवालात ती एका ओळीत संपते. निदान मंडळाने तरी तिची नोंद ठेवावी. किती मुलं आली, कोणतं पुस्तक वाचलं, किती पुस्तकं घरी गेली. हा अहवाल हारांच्या फोटोंपेक्षा कितीतरी भरीव होईल.

एक कार्यक्रम मात्र उत्तम झाला. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनासाठी जानेवारीपासूनच मुलांना सांगितलं होतं की घरातल्या, शेजारच्या आज्यांकडून जात्यावरच्या ओव्या लिहून आणा. सासूबाईंनी लेकीला अकरा ओव्या सांगितल्या, त्यांतल्या निम्म्या माझ्या नवऱ्यानेही कधी ऐकल्या नव्हत्या. त्या दिवशी भाषण झालंच नाही. मुलांनी ओव्या वाचल्या, दोन आज्यांनी गायल्या आणि सगळ्यांचे कागद एका फाइलमध्ये लावून ती संदर्भ विभागात ठेवली. हा एका दिवसाचा कार्यक्रम होता खरा, पण त्यामागे सहा आठवड्यांचं काम होतं.

उणिवाही आहेत. वेळ सकाळी आठ ते अकरा आणि दुपारी चार ते साडेसात, रविवारी बंद. नोकरी करणाऱ्या बाईला यातलं काहीच धड जमत नाही. मला शनिवारी अर्धा दिवस असतो म्हणून निभावतं. मोठ्यांच्या विभागात कपाटापाशी जाता येत नाही, काउंटरवर नाव सांगून पुस्तक मागावं लागतं. पुस्तकं दाखल क्रमांकाने, म्हणजे ज्या क्रमाने आली त्या क्रमाने, लावलेली असल्यामुळे एकाच लेखकाची पुस्तकं पाच कपाटांत विखुरली आहेत. ई-ग्रंथालय या संगणक प्रणालीत पुस्तकांच्या नोंदी करायला घेतल्या होत्या, त्या निम्म्यावर थांबल्या. नवी पुस्तकं अनुदानाचा हप्ता आला की एकदम येतात, मग कित्येक महिने काही नाही.

यातलं बरंचसं पैशांपाशी येऊन थांबतं. २०१२ नंतर अनुदान वाढलं ते थेट २०२२-२३ मध्ये, ६० टक्क्यांनी. त्यातूनच पगार, पुस्तकं, वीजबिल. ग्रंथालय कर्मचाऱ्यांची वेतनश्रेणीची मागणी किती जुनी आहे, हे या क्षेत्रातल्या कोणालाही विचारा. वही ठेवून माणसागणिक पुस्तक निवडणाऱ्या बाईला मिळणारा पगार मी इथे लिहिणार नाही, पण तो ऐकून मला अस्वस्थ वाटलं.

तुमच्या गावात असं वाचनालय असेल आणि नाव घालायचा विचार असेल, तर कार्यक्रमपत्रिका बघू नका. शनिवारी संध्याकाळी जाऊन बालविभागात काय चाललंय ते बघा आणि घरपोच सेवा आहे का ते विचारा. नसेल तर ती सुरू करायला सुचवा. एक सायकल आणि एक वही एवढ्यावर ती चालते.

आम्ही तिन्ही कार्डांची पुढच्या वर्षाची वर्गणी भरली आहे. सूचनावहीत दोन गोष्टी लिहून आले : मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह आणि रविवारी सकाळी दोन तास देवघेव. रविवारच्या वेळेसाठी मी आणि शेजारचे गुरुजी आळीपाळीने काउंटरवर बसायला तयार आहोत, तेही लिहिलं आहे. मंडळाची सभा मेच्या पहिल्या आठवड्यात आहे.