फोनला कॉलर माइक: आत्याच्या ओव्या आणि आठ महिने

बोयाचा बीवाय-एम१ हा वायरवाला कॉलर माइक मी दिवाळीच्या तोंडावर घेतला. आठशेच्या आसपास पडला. काम एकच होतं. पाटण तालुक्यात माझी आत्या राहते, तिला जात्यावरच्या ओव्या येतात. किती येतात ते तिलाही सांगता येत नाही, कारण जात्यावर बसल्याशिवाय तिला त्या आठवतच नाहीत. नुसतं ‘म्हणून दाखव’ म्हटलं की चार ओळींनंतर गाडी अडते. खुंट्याला हात लागला की पुढची ओवी आपसूक येते. म्हणजे रेकॉर्डिंग करायचं ते जातं फिरत असतानाच.

याआधी मी फोनच्याच रेकॉर्डरवर प्रयत्न केला होता. फोनमधलं सॉफ्टवेअर एकसुरी, सलग आवाजाला गोंगाट समजतं आणि तो पुसायला बघतं. पंखा, गाडीचं इंजिन वगैरेंसाठी ते ठीक आहे. त्याने आत्याच्या जात्याची घरघर पंखा समजून पुसली आणि पुसता पुसता तिच्या आवाजाचेही लचके तोडले. ऐकताना वाटत होतं की बाई विहिरीच्या तळाशी बसून म्हणतेय आणि मधूनमधून पाण्यात बुडी मारतेय.

माइकबद्दल थोडक्यात. सहा मीटर वायर, कपड्याला लावायचा चिमटा, फोमची टोपी, एक जाड पिनेचा ॲडाप्टर आणि एलआर४४चा बटण सेल. वायरमध्ये एक डबी आहे, तिच्यात सेल बसतो आणि बाजूला खटका आहे: एकीकडे फोन, दुसरीकडे कॅमेरा. फोनला लावताना सेलची गरज नाही, माइकला लागते ती थोडीशी वीज फोनच पुरवतो. मी खटका कॅमेऱ्याच्या बाजूला ठेवून माइक पंधरा दिवस बॅगेत टाकला आणि सेल संपवला. चूक माझीच. बांधणीबद्दल तक्रार नाही. फोमची टोपी मात्र सुटते आणि हरवते, दोन जास्तीच्या घेऊन ठेवा.

आता खरी गोष्ट. डिसेंबरात एक सकाळ वाया गेली, ती आठवली की अजून चुटपुट लागते. आत्याच्या जाऊबाई एरवी मुंबईला लेकाकडे असतात, त्या चार दिवसांसाठी आल्या होत्या. दोघी समोरासमोर बसून दळायला लागल्या, एकीने ओवी उचलायची, दुसरीने पुरी करायची. असं मी लहानपणानंतर पहिल्यांदाच ऐकत होतो. अशा दिवशी चांगल्यातला माइक हवा म्हणून मी मित्राचा कॅमेऱ्यावरचा माइक मागून आणला होता. फोनला पिन लावली, रेकॉर्डिंग सुरू केलं, स्क्रीनवर रेघा नाचत होत्या. पाऊण तास. रात्री हेडफोन लावून ऐकलं तर सगळं लांबून, खोलीच्या कोपऱ्यातून आल्यासारखं. फोन माइककडून ऐकतच नव्हता. तो पाऊण तास स्वतःच्याच बुडातल्या भोकातून ऐकत होता.

कारण पिनेत होतं. फोनच्या साडेतीन मिलिमीटरच्या जॅकमध्ये चार टोकं असतात: डावा कान, उजवा कान, अर्थ (म्हणजे अर्थिंग) आणि माइक. म्हणून फोनच्या माइकच्या पिनेवर तीन काळे पट्टे असतात, पट्टे तीन म्हणजे धातूचे भाग चार. कॅमेऱ्याच्या माइकच्या पिनेवर पट्टे दोनच, भाग तीन. ती फोनमध्ये घातली की तिचा मागचा लांब भाग अर्थ आणि माइक या दोन्ही टोकांना एकदम टेकतो. फोनला वाटतं की कुणीतरी साधा हेडफोन लावलाय, याला माइक नाही. मग तो आपला माइक चालू ठेवतो, आणि तसं सांगतही नाही. यावर उपाय शंभर-दोनशेचा आहे, दोन पट्ट्यांचं तीन पट्ट्यांत करून देणारा छोटा जोड. रोड कंपनीचा याच कामाचा जोड एससी४ नावाने मिळतो. पुण्यात तपकीर गल्लीत दोन्ही पिनांचे फोटो दाखवले की दुकानदार बिनबोभाट काढून देतो. जाऊबाई मात्र तोवर मुंबईला परत गेल्या होत्या.

तेव्हापासून माझा एक नियम आहे, आणि आठ महिन्यांत सर्वांत जास्त उपयोग त्याचाच झाला. रेकॉर्डिंग सुरू करायचं, माइकच्या टोपीवर नखाने खरवडायचं, मग फोनच्या बुडाशी खरवडायचं, थांबवायचं आणि ऐकायचं. पहिली खरखर मोठी आणि दुसरी जेमतेम आली तर फोन बरोबर ठिकाणाहून ऐकतोय. उलट झालं तर पिन काढून पुन्हा लावा. फोनचं कव्हर जाड असेल तर तेही काढा, पिन पुरती आत गेलेली नसते आणि बाहेरून ते कळत नाही.

माइक ठेवायचा कुठे, हा दुसरा घोळ. कॉलर माइक म्हणून आधी आत्याच्या पदराला लावला. तिने एकदा खाली बघितलं. “ह्ये काय झुरळ चिकटवलंस रं?” मग हसत हसत दळायला लागली आणि माझ्या लक्षात आलं की हे चालणार नाही. दळताना अख्खं अंग मागेपुढे होतं. पदर घासतो, मंगळसूत्र टोपीवर आपटतं, बांगड्या तर चालूच. ओवीपेक्षा लुगड्याचाच आवाज जास्त.

तीन-चार प्रयोग फसले. जात्याशेजारी पाटावर ठेवला तर दगडाची थरथर पाटातून थेट माइकमध्ये. भिंतीवरच्या खुंटीला अडकवला तर आत्या लांब गेली आणि अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो, मागे उरते ती घरघर. शेवटी वाशाला टांगला. वायर वाशावरून घेतली आणि माइक वरून सोडला, तिच्या कपाळापासून दीड-दोन वीत वर, किंचित पुढे. आता तोंड जवळ आणि जातं लांब. कपड्याचा संबंधच नाही. हा माइक सगळ्या बाजूंनी ऐकणारा असल्यामुळे तो कुठल्या दिशेला तोंड करून लोंबतोय याने फरक पडत नाही, आणि समोर दुसरी बाई बसली तर तीही तितकीच येते. घरघर आहे, पण ओवीच्या खाली, जिथे ती असायला हवी तिथेच. घास घालताना दाणे भोकात पडतात तो आवाजसुद्धा येतो. सहा मीटर वायरीचा फायदा इथे कळला. फोन बाहेर ओसरीवर, विमान मोडवर, आणि मी त्याच्याशेजारी गप्प. विमान मोड विसरू नका. भर ओवीत फोन वाजला की रेकॉर्डिंग थांबतं, आणि नेटवर्कची टर्रर्र वायरीत घुसते ती वेगळीच.

एवढं सगळं जमलं आणि फेब्रुवारीत फोन बदलावा लागला. नव्या फोनला गोल जॅकच नाही. आयफोनमधून तो २०१६ साली आयफोन ७पासून गेला, मग एकेक करत बाकीच्यांनीही काढला, त्यामुळे नवल काही नव्हतं. टाइप-सीचा डोंगल, म्हणजे चार्जिंगच्या भोकाला गोल जॅक जोडून देणारा तुकडा, घेतला की झालं, असं मला वाटलं. स्टेशनबाहेर दीडशेचा घेतला. नखाची परीक्षा नापास.

डोंगल दिसायला सगळे सारखे असले तरी आत तीन जाती आहेत. एकात नुसती वायर असते, फोन स्वतः टाइप-सीमधून ॲनालॉग आवाज सोडत-घेत असेल तरच ती चालते. दुसरीत फोनकडून येणाऱ्या डिजिटल आकड्यांचा आवाज करणारी चिप असते, पण फक्त कानाकडे जाणाऱ्या बाजूची, माइककडून येणाऱ्याला वाट नाही. आपल्याला हवी तिसरी, जिच्यात दोन्ही बाजूंची चिप आहे. पाकिटावर माइक चालतो असं लिहिलेलं नसेल तर घेऊ नका, दुकानदार ‘सगळ्याला चालतो’ म्हणाला तरी. मी पुढे ॲपलचा टाइप-सीवाला डोंगल घेतला, त्याच्यात दोन्ही बाजू आहेत आणि माझ्या अँड्रॉइडवर माइक बिनतक्रार चालतो.

तरीही एके सकाळी तो चालेना. हे शोधायला मला तासभर लागला, म्हणून लिहून ठेवतो: काही कंपन्यांच्या फोनमध्ये ‘ओटीजी’ नावाचं एक बटण सेटिंग्जमध्ये आत कुठेतरी असतं. ते चालू केल्याशिवाय टाइप-सीला लावलेल्या वस्तूकडे फोन ढुंकून बघत नाही. आणि दहा मिनिटं काही जोडलेलं नसेल तर ते आपोआप बंद होतं. आत्या पीठ चाळायला उठली, मी पिन काढून ठेवली, चहा झाला, परत लावली आणि झालं कल्याण. माइक लावलेला असताना रेकॉर्डिंग वाजवून बघितलं आणि आवाज आला नाही तरी घाबरू नका. फोनला वाटतं हेडफोन लावलाय, तो आवाज तिकडे पाठवत असतो. पिन काढून ऐका.

व्हिडिओचं वेगळंच. फोनमधल्या मूळ कॅमेरा ॲपने माझा माइक साफ नाकारला, आवाज रेकॉर्डरमध्ये येतोय आणि व्हिडिओत नाही. ‘ओपन कॅमेरा’ हे फुकटचं ॲप टाकलं. त्याच्या व्हिडिओ सेटिंग्जमध्ये आवाज कुठून घ्यायचा हे निवडता येतं, तिथे बाहेरचा माइक निवडला. तिथेच ‘अनप्रोसेस्ड’ असाही पर्याय आहे. फोन त्याला जुमानत असेल तर तो वापरून बघा, पुसापुशी बंद होते. चुलतभावाच्या आयफोनवर मात्र काहीच करावं लागलं नाही, माइक लावला की कॅमेरा मुकाट्याने तोच घेतो. मला थोडा रागच आला.

एकादशीला गावातल्या देवळात भजन असतं, तिथेही हा माइक नेला. पखवाज आणि पेटीपर्यंत ठीक. टाळ सुरू झाले की फोन घाबरतो आणि सगळाच आवाज खाली ओढतो, टाळ थांबले की हळूहळू वर आणतो. ऐकणाऱ्याला वाटतं बुवा मंडपातून आतबाहेर करताहेत. रेकॉर्डर ॲपमध्ये आपोआप पातळी सांभाळण्याची सोय बंद करून पातळी हाताने कमी ठेवली तेव्हा ते सुधारलं.

मग मला मोह झाला की साउंडवाल्याच्या मिक्सरमधूनच सरळ वायर घ्यावी. साउंडवाला हसून म्हणाला, “घ्या की दादा, पण फाटंल.” फाटलाच. मिक्सरमधून निघणारा आवाज माइकच्या मानाने शेकडो पटींनी तगडा असतो, फोनच्या माइकच्या टोकाला तो झेपत नाही. मधे ४० डेसिबल कमी करणारी ॲटेन्युएटर वायर लागते. ती आणल्यावर बुवांचा आवाज आरशासारखा स्वच्छ आला. पण मिक्सरमध्ये फक्त माइकवाले येतात, त्यामुळे मागून साथ देणारी माणसं गायबच. तसलं भजन मला ऐकवेना. पुन्हा कॉलर माइक टांगला, या वेळी सभामंडपाच्या घंटेजवळ, आणि येणाराजाणारा घंटा वाजवणार हे विसरलो.

ब्लूटूथ इअरफोनने हे काम होईल का, असं तिघांनी विचारलं. नाही. ब्लूटूथचा माइक वापरात आला की फोन साधारणपणे त्याच्याशी कॉलच्या दर्जाने बोलतो, सेकंदाला आवाजाचे ८ हजार किंवा फार तर १६ हजार नमुने. साध्या रेकॉर्डिंगला ४४ किंवा ४८ हजार असतात. वरचे बारीक सूर कापले जातात, स-श भरकटतात, ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च यांच्यातला फरक पुसट होतो. ओव्यांमध्ये तर अर्धी गंमत उच्चारात आहे.

वायरलेस कॉलर माइकचाही एक जोड एप्रिलमध्ये घेतला, कंपनीचं नाव लिहीत नाही. टाइप-सीला रिसीव्हर खोचायचा, माइक कपड्याला. मोकळ्यावर मस्त. आत्याशी शेताच्या बांधावरून चालत बोलताना तो उत्तम चालला, फक्त वाऱ्यासाठी फोमऐवजी केसाळ टोपी हवी. पण हे माइक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि माणसाचं अंग म्हणजे बहुतांशी पाणी. आत्या पाठ करून बसली की माइक तिच्या पुढे, मी मागे, मधे आत्या, आणि आवाज तुटायला लागतो. शिवाय त्यावर गोंगाट कमी करायचं बटण आहे. चुकून दाबलं गेलं तर तो परत जात्याची घरघर खायला बसतो. चार्जिंगही बघावं लागतं. आमच्याकडे वीज कधी असते ते वीजच जाणे.

आता पाऊस लागलाय. पत्र्यावर सर आली की वाशाला टांगलेला माइक असो की आणखी कुठला, सगळ्यांना फक्त पत्राच ऐकू येतो. त्यामुळे गेले तीन शनिवार मी गावी गेलो ते नुसता गवती चहा प्यायला. आतापर्यंत आत्याच्या दोनशे सदतीस ओव्या झाल्यात, त्यातल्या अकरा ती दुसऱ्यांदा म्हणताना वेगळ्या म्हणाली. जाऊबाई गणपतीत येणार आहेत. जुना फोन, गोल जॅकवाला, मी विकला नाही, तो फक्त रेकॉर्डिंगसाठी ठेवलाय. वायरलेसचा जोड भाच्याला देऊन टाकला, तो मैदानावर टेनिस बॉल क्रिकेटची कॉमेंट्री करतो, तिथे म्हणे एकदम झकास चालतो.